कॅमेरा कुठं बसलाय?

पहिली वेचणी चालू होती तेव्हाची गोष्ट. जेवणं उरकली होती आणि टीव्हीवर कापूस पिकवणाऱ्यांवरचा एक माहितीपट लागला होता, म्हणून मी आत्याला हाक मारली. जन्मभर कापूस वेचलेली बाई, तिला बघायला आवडेल असं वाटलं. पडद्यावर उन्हात चमकणारं पांढरं शेत, हिरवं लुगडं नेसलेली एक बाई, मागं बासरी. आत्यानं दोन-तीन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, “हे वेचून नाही राहिली बाप्पा. वेचून दाखवून राहिली.”

कशावरून? तर बाई एका हातानं वेचत होती. किलोवर मजुरी घेणारी बाई दोन्ही हात चालवते, एक या पऱ्हाटीवर, दुसरा त्या. शिवाय ती प्रत्येक बोंडाकडं बघून मग हात घालत होती. “बोंडाकडं कोन पाहते? हातालेच दिसते ना.” वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांची पेरं सोलून काढतात, म्हणून सवयीचा हात कापूस बरोबर मधोमध धरतो आणि ओढतो. पडद्यावरच्या बाईची बोटं कडेला अडकत होती. आणि सूर्य डोक्यावर आलेला असूनही कमरेची ओटी सपाट.

माहितीपट कसे बघावेत यावर मी बरंच काही वाचलं आहे, पण इतकं नेमकं कुठं सापडलं नव्हतं. त्या रात्रीपासून मी कुठलाही माहितीपट बघायला बसलो की हाच प्रश्न आधी मनात येतो: ही माणसं जगतायत, की जगून दाखवतायत? आणि दाखवत असतील, तर कुणासाठी?

आमचा मावला आदिलाबाद शहराला खेटून, नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. २०१६ साली जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा तो स्वतंत्र मंडल झाला. उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर पैनगंगा, आणि पलीकडं यवतमाळ जिल्हा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मराठी बाजूला गेले, आम्ही अलीकडं राहिलो. नदी राज्याची हद्द झाली, काळी माती मात्र दोन्हीकडं एकच. घरात मराठी, बाजारात तेलुगू, मोंढ्यात दखनी आणि शेतातल्या जोडीदाराशी गोंडी बोलणारी माणसं इथं एकाच घरात सापडतात. त्यामुळं परक्या भाषेतला माहितीपट लावला तरी कुणी उठून जात नाही. गेली काही वर्षं वेचणीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत मी अंगणात पांढरी चादर टांगतो, छोटा प्रोजेक्टर लावतो आणि शेजारपाजार जमतो. या बैठकांमध्ये जे टिकले, ज्यांच्यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं, अशा माहितीपटांबद्दल मला सांगायचं आहे.

सुरुवात कापसापासून करतो, कारण माझं ठाम मत आहे की माहितीपट बघायला शिकायचं तर आपल्याला पोटातून ठाऊक असलेल्या विषयापासून शिकावं. तिथं आपल्याला कुणी फसवू शकत नाही. शिंप्यानं कपड्यावरचा, नर्सनं दवाखान्यावरचा माहितीपट आधी बघावा. डोळा एकदा तिथं तयार झाला की मग खुशाल उत्तर ध्रुवावर जावं.

उत्तर ध्रुवाचं नाव उगाच घेतलेलं नाही. जगात ज्या माहितीपटाचा दाखला सगळ्यात आधी दिला जातो, तो रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ तिकडचाच, उत्तर कॅनडातला. १९२२ चा. बर्फाच्या प्रदेशातला एक इनुइट शिकारी आणि त्याचं कुटुंब. पण नॅनूक हे त्या माणसाचं खरं नाव नव्हतं, तो अल्लाकारियाल्लाक. त्या काळी इनुइट लोक बंदुकीनं शिकार करू लागले होते, तरी चित्रपटात त्याला जुन्या पद्धतीनं भाल्यानं शिकार करायला लावलं. बर्फाच्या घरात अंधार, कॅमेऱ्याला उजेड हवा, म्हणून अर्धंच घर बांधून आतली दृश्यं घेतली, आणि उघड्या बाजूनं थंडी आत येत असताना कुटुंबाला झोपेतून उठताना दाखवलं. आत्याच्या भाषेत, दाखवून राहिले. तरीही मी तो चित्रपट बघा असंच सांगेन. घर बांधून झाल्यावर नॅनूक बर्फाची एक पारदर्शक लादी कापून खिडकी बसवतो, ते त्याचे हात खोटं बोलत नाहीत. एका माहितीपटात दोन्ही असू शकतं, रचलेलं आणि अस्सल, आणि बघणाऱ्याला ते वेगळं करता यायला हवं, जशी सरकी कापसापासून वेगळी होते.

आपल्याकडं ही कला फार लवकर आली, आणि मराठी माणसाच्या हातानं आली. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचा खेळ पाहिला, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधल्या एका कुस्तीचं चित्रण केलं. पुढं १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून परतले, त्यांच्या स्वागताचंही केलं. पण मला याहून जास्त भुरळ घालते ती दादासाहेब फाळक्यांची १९१२ मधली एक छोटीशी फीत, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा लावला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं, महिनाभराहून जास्त. पडद्यावर मात्र दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते, सगळं डोळ्यांदेखत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी फाळक्यांनी केलं ते हे. अंगणात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा शेतकऱ्यांपैकी कुणालाच नवल वाटलं नाही. बियाणं टोबल्यावर सकाळ-संध्याकाळ जमिनीकडं बघत बसणं हा त्यांचा दरवर्षीचा धंदा. कॅमेऱ्यानं शेतकऱ्यासारखी वाट बघायची, ही माझ्या लेखी माहितीपटाची पहिली अट, आणि आपल्याकडं ती सुरुवातीलाच पाळली गेली.

दुसरी अट मला ज्यांनी शिकवली त्या बायका आमच्याच तेलंगणातल्या, जहीराबादकडच्या. तिथं पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था आहे. तिचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश स्वतः दूरदर्शनचे निर्माते होते. २०२३ मध्ये ते गेले. भरडधान्यं पिकवणाऱ्या गावोगावच्या दलित बायकांचे संघम तिथं उभे राहिले, आणि त्यातल्या काही बायका, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यांनी कॅमेऱ्याच्या उंचीला स्वतःची नावं दिली. वरून खाली बघणारा कॅमेरा म्हणजे पटेल शॉट, कारण गावचा पटेल वाड्याच्या ओट्यावरून असाच बघतो. खालून वर बघणारा म्हणजे सालगड्याचा शॉट, कारण मालकासमोर बसलेल्या गड्याला मान वर करूनच बघावं लागतं. आणि डोळ्याला डोळा भिडवून, एका पातळीवर ठेवलेला कॅमेरा म्हणजे संघम शॉट. संघममध्ये सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात, कुणी उंच नाही, कुणी खाली नाही. कॅमेऱ्यानंही तसंच बसायचं, ही ती दुसरी अट.

चित्रपटाच्या शाळेत याला हाय अँगल, लो अँगल, आय लेव्हल म्हणतात. त्या नावांत फक्त मोजमाप आहे. या बायकांनी त्यात जात, जमीन आणि मजुरी आणली. मी जितकी वर्षं माहितीपट बघतोय, त्यांच्याइतकी धारदार समीक्षा मला दुसरीकडं भेटलेली नाही.

त्यांनी केलेला एक माहितीपट प्रत्येक कापूसवाल्यानं बघावा. बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्या पहिल्याच हंगामात या बायका कॅमेरा घेऊन पुन्हा पुन्हा वरंगलच्या शेतकऱ्यांकडं गेल्या, पीक उभं असताना आणि हाती आल्यावरही, आणि २००३ मध्ये त्यांचा माहितीपट आला. त्याच्या नावातच प्रश्न आहे: वरंगलचे शेतकरी बीटी कापसावर का संतापलेत? बोलणारा शेतकरी आणि विचारणारी शेतकरीण, दोघं बांधावर एकाच पातळीवर. विचारणारीला सरकीचा भाव पाठ आहे, फवाऱ्याचा वास ठाऊक आहे. त्यामुळं उत्तर देणारा उगाच फुगवून सांगत नाही, आणि लपवतही नाही. शहरातून माइक आला की आपल्याकडची माणसं एक तर रडतात नाही तर भाषण करतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. इथं तसं काही होत नाही.

त्याच विषयावर बाहेरच्यांनी केलेले माहितीपटही मोलाचे आहेत. मिखा पेलेड या दिग्दर्शकाचा २०११ चा ‘बिटर सीड्स’ आम्ही सगळ्यात मोठ्या गर्दीत पाहिला, कारण तो आमच्या नदीपलीकडचा. यवतमाळ जिल्ह्यातलं तेलंग टाकळी हे गाव; नावातच तेलंग. एका हंगामाची गोष्ट आहे, पेरणीपासून कापूस विकेपर्यंत. एक शेतकरी सावकाराकडून पैसे घेतो, बियाणं घेतो, पावसाची वाट बघतो. सोबत गावातलीच एक मुलगी, जिच्या वडिलांनी आत्महत्या केली, ती पत्रकार व्हायचं ठरवते आणि घरोघर जाऊन लोकांना प्रश्न विचारू लागते. ही मुलगी त्या माहितीपटाचा प्राण आहे. ती प्रश्न विचारते तेव्हा कॅमेरा आपोआप खाली बसतो, संघम शॉट होतो. परदेशी दिग्दर्शकाला हे सुचलं की नकळत घडलं, ठाऊक नाही, पण घडलं.

मात्र इथं मला थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण आमच्या अंगणातही यावर वाद झाला. ‘बिटर सीड्स’ बघून उठणाऱ्या माणसाला वाटतं की बीटी आलं आणि बियाणं दरवर्षी विकत घ्यायची पाळी आली. हे पूर्ण खरं नाही. भारतातला कापूस बीटीच्या आधीच संकरित झाला होता. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून ‘एच-४’ हा संकरित कापूस आला, आणि संकरित वाणाचं घरचं बी पुढल्या वर्षी तसं येत नाही, म्हणून बियाणं विकत घेणं तेव्हाच सुरू झालं. जगातल्या इतर बऱ्याच देशांत बीटी सरळ वाणांमध्ये घातलं गेलं. आपल्याकडं ते संकरित वाणांमध्ये घातलं, त्यामुळं दोन्हींची किंमत एका पाकिटात आली. वर कोरडवाहू जमीन, बँकेचं न मिळणारं कर्ज, भाव, आणि पुढं बीटीलाही दाद न देणारी गुलाबी बोंडअळी. आत्महत्येमागं यांतली एकच दोरी नसते. माहितीपटाला दीड तासात एक गोष्ट सांगायची असते, म्हणून तो एक दोरी ओढतो. बाकीच्या दोऱ्या आपण शोधायच्या. म्हणून मी तो बघू नका असं म्हणत नाही. तो बघून झाल्यावर एखाद्या जुन्या शेतकऱ्याशेजारी बसा असं म्हणतो.

त्याच्या जोडीला दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) बघावा. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त घरांमध्ये जातात, काही वर्षं जात राहतात, आणि कॅमेरा त्यांच्या मागं असतो. शीर्षक रोमच्या नीरो राजाचं. त्यानं मेजवानीला उजेड हवा म्हणून कैद्यांना जिवंत जाळलं अशी नोंद इतिहासकार टॅसिटसनं केली आहे. साईनाथ नीरोबद्दल फार बोलत नाहीत. ते विचारतात, त्या उजेडात बसून जेवणारे पाहुणे कोण होते? तासाभरापेक्षा कमी लांबीचा हा माहितीपट आहे. आमच्याकडं तो संपल्यावर कितीतरी वेळ कुणी दिवा लावला नाही. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर गावाकडच्या कामांचे, कारागिरांचे, मजुरांचे छोटे चित्रपट आणि लेख आहेत, त्यांतलं बरंच मराठीतही. ज्याला दोन तास देणं जमत नाही त्यानं तिथून सुरुवात करावी.

आता आवाजाबद्दल. आमच्या वडिलांच्या पिढीनं माहितीपट म्हटलं की थिएटरात मुख्य सिनेमाआधी लागणारी ‘न्यूज रील’ पाहिली. फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था १९४८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि तिचे अनुबोधपट दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. धरण बांधलं जातंय, पंतप्रधान फीत कापतायत, आणि वरून एक भारदस्त आवाज सगळं समजावून सांगतोय. जहीराबादच्या बायकांच्या हिशेबानं हा पटेल आवाज. पण त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारखी माणसंही होती. १९६७ मध्ये त्यांनी ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ केला: देश वीस वर्षांचा झाला, तेव्हा १९४७ मध्ये जन्मलेल्या पोरापोरींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? वरचा आवाज गप्प, पोरं बोलतायत. कुणाला देशाचा अभिमान आहे, कुणाला त्याचं काही पडलेलं नाही, आणि दोघांनाही सरकारी चित्रपटानं बोलू दिलंय. वीस मिनिटांच्या आतबाहेरचा हा तुकडा शाळा-कॉलेजांत दाखवायला हवा.

बोलू देणं म्हणजे काय, हे मराठीत बघायचं तर रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा. कमलाबाई गोखले म्हणजे फाळक्यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मधली मोहिनी. त्यांच्या आई दुर्गाबाई कामत त्यातली पार्वती. भारतीय पडद्यावरच्या या पहिल्या स्त्रिया. ज्या काळात बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या त्या काळात या मायलेकी उभ्या राहिल्या. माहितीपटात कमलाबाई नव्वदीला टेकलेल्या आहेत. दिग्दर्शिका त्यांच्याकडून इतिहास काढू पाहते आणि कमलाबाई मध्येच चित्रण करणाऱ्या मंडळींनाच प्रश्न विचारतात, नाटकातलं काही म्हणून दाखवतात, चिडतात, हसतात. रीना मोहन यांनी हे सगळं ठेवलं. दुसऱ्या कुणी ते कापलं असतं आणि आपल्या हाती तारखांची एक यादी आली असती. इथं आपल्याला एक बाई भेटते.

आणि वाट बघण्याची गोष्ट निघालीच आहे तर आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’. ११ जुलै १९९७, घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर वस्ती. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते. १९८५ च्या ‘हमारा शहर’ या झोपडपट्ट्यांवरच्या त्यांच्या माहितीपटात घोगरे गायले होते. आपल्या ओळखीचा गाणारा माणूस असा का गेला, हे शोधत कॅमेरा वस्त्यांमध्ये, जलशांमध्ये, कोर्टाच्या निकालांपर्यंत फिरत राहिला. चौदा वर्षं. माहितीपट तीन तासांहून मोठा आहे आणि मी तो कुणालाही एका बैठकीत बघायला सांगतो, कारण मधे थांबलात तर गाण्यांमधून वर्षं कशी सरकतात ते हाती लागत नाही. शाहिरी ऐकत वाढलेल्या माणसाला त्यातलं अर्धं अधिक सांगावंच लागत नाही. आमच्या अंगणात तो लावला त्या रात्री पलीकडच्या गल्लीतल्या भीमगीतं म्हणणाऱ्या दोन पोरांनी संपल्यावर ढोलकी आणली. पहाटेचे अडीच वाजले होते.

हसतखेळत बघायचा, आणि तरीही घशात काहीतरी अडकवणारा, म्हणून ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’चं नाव घेतो. फैझा अहमद खान यांचा, २००८ चा. मालेगावात यंत्रमागांची खडखड, आणि शुक्रवारी सुटी. तिथं नासिर शेख नावाचा एक उत्साही माणूस आधी ‘मालेगाव के शोले’ करून बसलेला, आता सुपरमॅन करायला निघालाय. सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण. सायकलवर कॅमेरा बांधून ट्रॉली शॉट घेतात, बैलगाडीचा क्रेन करतात. पोट धरून हसू येतं, पण त्या माणसांवर हसू येत नाही, हे फैझा खान यांचं कसब. हा सुपरमॅन झालेला तरुण पुढं कर्करोगानं गेला, हे ठाऊक असेल तर त्याला उडवतात ते दृश्य वेगळंच दिसतं.

त्याच ओढीनं शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ बघावा. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तंबू ठोकणाऱ्या टूरिंग टॉकीजवाल्यांचा. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. ट्रकवर लादलेला गंजका प्रोजेक्टर, रिळांचे डबे वेळेवर न आल्यानं खोळंबलेली गर्दी, आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक म्हातारा मेकॅनिक, जो आपण बनवलेल्या यंत्रावर असा हात फिरवतो जसा एखादा शेतकरी बैलाच्या पाठीवरून फिरवेल. आमच्या जिल्ह्यात पुष्य अमावास्येला केसलापूरच्या नागोबाची जत्रा भरते. जत्रेत रात्री पाल, धूळ आणि दिव्यांचा जो वास असतो तो या माहितीपटाला आहे. मला तो बघून त्या म्हाताऱ्याला फोन करावासा वाटला होता.

परदेशी माहितीपटांपैकी आमच्याकडं सगळ्यात जास्त वेळा लागलेला ‘हनीलँड’. २०१९, उत्तर मॅसिडोनिया. डोंगरातल्या ओसाड वस्तीत हातिजे नावाची बाई अंथरुणाला खिळलेल्या आईसोबत राहते आणि मधमाश्या पाळते. मध काढताना अर्धा आपला, अर्धा माश्यांचा, असा तिचा नेम. मग शेजारी एक मोठं कुटुंब येतं, त्यांना पैशांची निकड, ते माश्यांचा वाटाही काढतात, आणि पुढचं बघवत नाही. दोन दिग्दर्शक, तमारा कोटेव्स्का आणि ल्युबोमिर स्टेफानोव, तीन वर्षं तिथं येत-जात राहिले, चारशे तासांचं चित्रण केलं आणि त्यातून दीड तास ठेवला. वीज नसलेलं घर, त्यामुळं आतला सगळा उजेड चुलीचा, मेणबत्तीचा आणि खिडकीचा. कुणाचाही वरचा आवाज नाही. हातिजे कड्याच्या अरुंद काठावरून चालत जाते आणि दगडाच्या फटीतून उघड्या हातानं पोळं काढते, तेव्हा आत्या पुढं सरकून बसली. खूप वेळानं म्हणाली, “हे काढून राहिली.” आमच्या घरात यापेक्षा मोठी शिफारस नाही.

इथल्या गोंडांच्या, कोलामांच्या हातात कॅमेरा कधी येणार, हा प्रश्न मला त्या रात्री पडला आणि अजून सुटलेला नाही. १९४० मध्ये गोंड नेते कोमरम भीम जोडेघाटला मारले गेले, त्यानंतर निजाम सरकारनं ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं. ते आणि त्यांच्या पत्नी मार्लवाई गावात राहिले. त्यांच्या पुढाकारानं गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत तयार झाली, शाळा निघाल्या. त्यांनी भारतात आणि नेपाळात घेतलेली हजारो छायाचित्रं आणि चित्रफिती लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत जपून ठेवल्या आहेत, आणि आता बऱ्याचशा संगणकावर बघता येतात. मी त्यांतली काही गोंडांची छायाचित्रं चादरीवर लावली होती. प्रेमानं घेतलेली आहेत, कॅमेरा बहुतेक वेळा माणसांच्या पातळीवर आहे. पण त्यात कुणाचा आवाज नाही.

आवाज बघणाऱ्यांनी घातला. दंडारीच्या नाचाचं एक छायाचित्र आलं, मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी, आणि मागं बसलेल्या एका गोंड आजोबांनी आधी ढोलाचा ताल तोंडानं धरला, मग कुठला मुकुट कुठल्या गावच्या पद्धतीचा ते सांगायला सुरुवात केली. मार्लवाईचेच कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले, आजोबा त्यांच्याबरोबरचे. दीड तास ते बोलत होते, मध्येच गोंडीत, मध्येच मराठीत. मी फोन काढून चित्रण करायला लागलो आणि उभा होतो हे माझ्या लक्षात आलं. मग खाली बसलो.

येत्या शनिवारी काय लावायचं यावर गेले चार दिवस चर्चा चालू आहे. मला अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘साचा’ लावायचा होता. साचा म्हणजे माग. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या नजरेतून मुंबईचा गिरणगाव त्यात आहे, १९८२ च्या संपानंतर विझत गेलेला. पोरांना राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ हवाय: गुजरातमधली एक प्रचंड कापड गिरणी, निवेदन नाही, यंत्रांचा आवाज, रंगाच्या हौदात उतरलेले हात, बारा-बारा तासांच्या पाळीत उभ्याउभ्या डुलकी घेणारा एक पोरगा. शेवटी आत्यानं ‘मशीन्स’च्या बाजूनं कौल दिला. मी कारण विचारलं तर म्हणाली, पोतं मोंढ्यात गेलं, काट्यावर चढलं, ओलावा मोजला, पैसे आले. त्याच्यापुढं कापसाचं काय होते ते तिनं उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.